पाइपांचे वजन: तक्त्यातला आकडा आणि काटापावती जुळत नसतील तर कोणता आकडा खरा मानावा?

साइट अभियंता, नाशिक

नमस्कार. नाशिक येथे एका बारा मजली निवासी इमारतीचे काम सुरू असून तिथल्या अग्निशमन वाहिनीच्या पाइपांवरून आमचे कार्यालय आणि पुरवठादार यांच्यात वाद निर्माण झाला आहे. या विषयात काम केलेल्या मंडळींचे मत हवे आहे.

मागणीपत्रात काळे एमएस (सौम्य पोलादी) पाइप, आयएस १२३९ (भारतीय मानक), सी क्लास (जड वर्ग; ए म्हणजे हलका, बी म्हणजे मध्यम) असे स्पष्ट लिहिलेले होते. १५० एनबीचे (नॉमिनल बोअर, म्हणजे नावाचा व्यास) १२० मीटर, १०० एनबीचे २४० मीटर आणि ५० एनबीचे १८० मीटर असा माल होता आणि दर मीटरवर ठरलेला होता. गाडी कोणती लागेल आणि उतरवायला हायड्रा (छोटी क्रेन) बोलवावी लागेल का, हे ठरवण्यासाठी कार्यालयाने वजनाचा एक तक्ता पाठवला. त्यात १५० एनबीला २८.२६ किलो, १०० एनबीला १६.०७ किलो आणि ५० एनबीला ५.४४ किलो प्रति मीटर असे आकडे होते, आणि त्यावरून एकूण वजन ८,२२७ किलो निघत होते. प्रत्यक्षात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या काटापावत्यांतून निव्वळ वजन ६,८७० किलो आले. लांबी टेपने मोजून घेतली आहे, त्यात काही कमी नाही. पाइपांवर लाल पट्टा आहे.

कार्यालयाचे म्हणणे असे, की वजन साडेसोळा टक्क्यांनी कमी आहे, त्याअर्थी पुरवठादाराने पातळ पाइप दिले आहेत आणि बिलातून तेवढी रक्कम कापली पाहिजे. पुरवठादार मात्र माल सी क्लासचाच आहे यावर ठाम आहे. पैसे कापण्यापूर्वी खरे काय ते कळावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. स्ट्रक्चरल सल्लागारांनी शाफ्टमधील रायझरचे (उभी वाहिनी), तळघरातील हेडरचे (मुख्य आडवी वाहिनी) आणि गच्चीवरील रिंगचे (गच्चीवर फिरणारी वाहिनी) भार मागितले आहेत. रायझर १५० एनबीचा असून त्याची उंची ३६ मीटर आहे. त्यांना तक्त्यातले वजन द्यावे, काट्यावरचे द्यावे, की आणखी काही धरावे?

पाइपिंग अंदाजकार, पुणे

आपल्या कार्यालयाने पाठवलेला तक्ता चुकीचा नाही, परंतु तो या पाइपांचा नाही. २८.२६ आणि १६.०७ हे आकडे शेड्यूल ४० च्या पाइपांचे, म्हणजे एएसएमई बी ३६.१० या अमेरिकन मानकातले आहेत. तेल शुद्धीकरण, रसायने, वाफ अशा कामांत ते पाइप वापरतात. आपण मागवलेला पाइप आयएस १२३९ चा आहे आणि त्याचे कुटुंबच निराळे आहे. दोन्हीकडे नाव १५० एनबी असेच असते, पण शेड्यूलच्या पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी आणि जाडी ७.११ मिमी असते, तर आयएस १२३९ च्या सी क्लासचा बाहेरचा व्यास १६५.१ मिमी आणि जाडी ५.४ मिमी असते. एनबी हे केवळ ओळखीपुरते नाव आहे, त्यावरून वजन काढता येत नाही. वजन ठरते ते प्रत्यक्ष बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी या दोन मापांवर.

तक्ता हाताशी नसला तरी अडत नाही. पोलादी पाइपसाठी बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करावी, उत्तराला जाडीने गुणावे आणि आलेल्या संख्येला ०.०२४६६ ने गुणावे. मापे मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलो प्रति मीटरमध्ये येते. हा गुणक कुठून येतो हे एकदा समजले की तो विसरला जात नाही. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा केली की भिंतीच्या मध्यरेषेचा व्यास मिळतो, त्याला पायने गुणले की सरासरी परीघ मिळतो आणि परिघाला जाडीने गुणले की धातूचे काटछेदाचे क्षेत्रफळ मिळते. पोलादाची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर धरून पाय आणि एककांचे रूपांतर एकत्र केले, की उरतो तो ०.०२४६६.

आपल्या १५० एनबीचे गणित करून पाहू. १६५.१ मधून ५.४ गेले, १५९.७ उरले. त्याला ५.४ ने गुणले की ८६२.३८ आणि त्याला गुणकाने गुणले की २१.२७, म्हणजे मानकात छापलेले २१.३ किलो. १०० एनबीचा सी क्लास ११४.३ व्यास आणि ५.४ जाडीचा, त्याचे वजन १४.५ किलो. ५० एनबीचा ६०.३ व्यास आणि ४.५ जाडीचा, त्याचे ६.१९ किलो. गंमत अशी, की ५० एनबीमध्ये सी क्लासचा पाइप शेड्यूल ४० पेक्षा जड आहे, कारण शेड्यूल ४० ची जाडी तिथे ३.९१ मिमीच असते. म्हणूनच एका कुटुंबाच्या तक्त्यावरून दुसऱ्याचे वजन काढण्यासाठी सरसकट टक्केवारी लावता येत नाही.

आता एकूण वजन पाहा. १२० मीटरचे २,५५६, २४० मीटरचे ३,४८० आणि १८० मीटरचे १,११४ मिळून सी क्लासचे वजन ७,१५० किलो होते. आपल्या काट्यावर ६,८७० आले, म्हणजे तूट २८० किलोची, जवळपास चार टक्क्यांची. आयएस १२३९ मध्ये मध्यम आणि जड वर्गाच्या एका नळीला वजनात दहा टक्के आणि दहा टनांच्या खेपेला साडेसात टक्के अधिकउणे चालते. मीटरवर विकला जाणारा पाइप बहुधा उण्याच्या बाजूलाच असतो, कारण कारखान्याला त्यात पोलाद वाचते. तीन-चार टक्क्यांची तूट ही या बाजारातील नेहमीची गोष्ट आहे.

हाच माल पूर्णपणे बी क्लासचा असता तर १८.९, १२.२ आणि ५.०३ या वजनांनी एकूण ६,१०१ किलो भरला असता. बी क्लासचे सगळे पाइप दहा टक्क्यांनी जड निघाले असे धरले तरी ६,७११ किलोच होतात. त्यामुळे संपूर्ण गाडी बी क्लासची होती, असे काटापावती म्हणू देत नाही. साडेसोळा टक्क्यांची कपात अन्यायाची होईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

फॅब्रिकेटर, चाकण

वरील उत्तरातील गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. संपूर्ण गाडी बी क्लासची नव्हती हे मान्य. मात्र गाडीत एकच आकार बी क्लासचा मिसळलेला असेल तर? १०० आणि ५० एनबी पूर्ण वजनाचे सी क्लास आहेत आणि फक्त १५० एनबी बी क्लासचा आहे असे धरून बेरीज करून पाहा: २,२६८ अधिक ३,४८० अधिक १,११४, म्हणजे ६,८६२ किलो. आपल्या काटापावतीवर ६,८७० आहे. दोन वेगवेगळ्या परिस्थिती जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन पोहोचतात आणि एकत्रित वजनावरून त्यांतली खरी कोणती ते सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक आकाराचे वजन स्वतंत्र केले पाहिजे. १५० एनबीच्या सगळ्या नळ्या एकत्र, १०० च्या एकत्र आणि ५० च्या एकत्र, असे तोलावे. एक-दोन नळ्या मोठ्या काट्यावर नेऊन उपयोग नाही, कारण गाडीच्या काट्याची पायरी पाच-दहा किलोंची असते आणि एका नळीतला फरक त्यातच हरवून जातो. सहा मीटरच्या १५० एनबी नळीत बी आणि सी यांतला फरक साधारण चौदा किलोंचाच आहे. वीस नळ्या एकत्र तोलल्या की तोच फरक २८८ किलोंचा होतो आणि लपत नाही. रिकामे वजन त्याच काट्यावर, त्याच दिवशी आणि गाडीत तीच माणसे व तेवढेच डिझेल असताना घ्यावे.

पट्ट्याच्या रंगावर विसंबू नये. हलक्याला पिवळा, मध्यमला निळा आणि जडला लाल हा नियम खरा, पण रंग कोणीही मारू शकतो. जाडी मोजताना टोकावर कटिंगची बर (उरलेली धातूची धार) असेल तर ती कानसीने काढून मगच मायक्रोमीटर लावावा, आणि परिघावर चार ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. शिवण असलेल्या जागी मोजू नये. जाडीबाबत एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मानकाप्रमाणे जाडी दहा टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणजे १५० एनबीच्या सी क्लासची जाडी एखाद्या ठिकाणी ४.८६ मिमी आली तरी तो पाइप नाकारता येत नाही. बी क्लासची छापील जाडी ४.८ मिमी आहे. इतक्या जवळच्या दोन आकड्यांत एका मापावरून निवाडा करणे धोक्याचे आहे. वजन आणि जाडी दोन्ही हातात असावीत आणि सोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे.

वजनाचा अंदाज काढताना आणखी एका ठिकाणी हमखास गोंधळ होतो, तो फिटिंगचा. अनेक जण नकाशावर मध्यरेषेने लांबी मोजतात, तिला पाइपच्या वजनाने गुणतात आणि वर प्रत्येक एल्बोचे (वळणाच्या जोडाचे) वजन पुन्हा मिळवतात. वेल्डिंगच्या लाँग रेडियस एल्बोची त्रिज्या एनबीच्या दीडपट असते, म्हणजे १५० एनबीला (६ इंच) सुमारे २२९ मिमी. मध्यरेषा एकमेकींना छेदतात त्या बिंदूपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजले की ४५८ मिमी लांबी आधीच हिशेबात आलेली असते. एल्बोची प्रत्यक्ष वक्र लांबी ३५९ मिमीच असते. तेव्हा अशा मोजणीत एल्बो आधीच सामावलेला आहे, उलट थोडा जास्तच धरलेला आहे, आणि तो वेगळा मिळवला की वजन दोनदा धरले जाते. खरेदीची यादी करताना एल्बो वेगळे लिहावेच लागतात, परंतु त्या वेळी पाइपच्या लांबीतून त्यांची जागा वजा करायला हवी. फ्लँज आणि व्हॉल्व्ह यांची गोष्ट वेगळी. ते एका जागी एकवटलेले वजन असते आणि उत्पादकाच्या पत्रकातून प्रत्येकाचे वजन पाहून, ते जिथे बसणार त्याच जागी धरावे लागते. संपूर्ण वाहिनीवर सरासरीने पसरवलेले वजन गाडी ठरवायला चालते, आधार ठरवायला चालत नाही.

पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असता तर त्याचेही वजन धरावे लागले असते. मुलामा आतून आणि बाहेरून असतो, म्हणून दोन्ही परिघांची बेरीज घ्यावी. चौरस मीटरला ४०० ग्रॅम जस्त धरले तर १५ एनबीच्या हलक्या पाइपचे वजन पाच टक्क्यांनी वाढते आणि १५० एनबीच्या बी क्लासचे दोन टक्क्यांनीच. पातळ पाइपात पृष्ठभागाच्या मानाने धातू कमी असतो, त्याचा हा परिणाम.

पाणीपुरवठा अभियंता, अमरावती

प्रश्न इमारतीचा असला तरी नावाचा व्यास आणि खरा व्यास यांतली ही फसगत गावोगावच्या नळयोजनांच्या अंदाजपत्रकांतही होते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या पाइपांविषयी थोडे लिहितो.

आरसीसी पाइपमध्ये नावाचा व्यास आतला असतो. ९०० मिमीचा पाइप म्हणजे आतून ९०० मिमी. त्यामुळे तिथे जाडी वजा न करता मिळवावी लागते. १०० मिमी जाडीच्या भिंतीला मध्यरेषेचा व्यास १,००० मिमी होतो आणि काँक्रीटची घनता २,५०० किलो धरली तर मीटरला ७८५ किलो वजन येते. अडीच मीटरची एक नळी जवळपास दोन टनांची होते. पोलादाच्या सवयीने कोणी जाडी वजा केली तर ६२८ किलोच दिसतात, आणि तेवढ्यावर विसंबून उचलण्याची साखळी किंवा पट्टा निवडला तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. एचडीपीई आणि यूपीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाइपांमध्ये याच्या उलट, नावाचा व्यास हाच बाहेरचा व्यास असतो. ११० मिमीचा, १० मिमी जाडीचा एचडीपीई पाइप मीटरला सुमारे तीन किलो भरतो, कारण त्याची घनता पाण्याहूनही कमी, ९५० किलोच्या आसपास असते. अशा पाइपची गाडी वजनाने भरण्याआधी जागेने भरते, तेव्हा तिथे टनांचा हिशेब करून गाड्या मागवणे निरर्थक आहे.

डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपमध्ये नावाचा व्यास आतलाही नसतो आणि बाहेरचाही नसतो. डीएन ३०० चा, म्हणजे नावाने ३०० मिमीच्या पाइपचा, बाहेरचा व्यास ३२६ मिमी असतो. के ९ वर्गाची जाडी, ०.५ मध्ये व्यासाचा हजारावा भाग मिळवून त्याला ९ ने गुणले की येते, म्हणजे ७.२ मिमी. या धातूची घनता पोलादापेक्षा कमी, ७,०५० किलो आहे, म्हणून गुणक ०.०२४६६ ऐवजी ०.०२२१५ घ्यावा. उत्तर मीटरला ५०.८ किलो येते. पण गाडीत येणाऱ्या पाइपला आतून सिमेंटचे अस्तर असते. डीएन ३०० ला ते ३ मिमी धरले तरी मीटरला साडेसहा किलोंहून अधिक भर पडते, आणि एका टोकाच्या सॉकेटचे वजन त्यावर वेगळे. नुसत्या धातूच्या गणितावर गाडी ठरवली तर ती मर्यादेपेक्षा जास्त भरली जाते आणि रस्त्यावर दंड होतो.

मोठ्या एमएस जलवाहिन्यांत तर वजनाला वेगळेच महत्त्व येते, आणि त्याकडे अंदाजपत्रक करणाऱ्यांचे क्वचितच लक्ष जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १,०१६ मिमी बाहेरचा व्यास आणि १० मिमी जाडीचा पाइप मीटरला २४८ किलो भरतो. आत १२ मिमी सिमेंटचे अस्तर असेल तर आणखी सुमारे ८५ किलो, म्हणजे एकूण ३३३ किलो. हा पाइप दोन्ही टोके बंद करून चरात ठेवलेला असताना पावसाचे पाणी भरले, तर तो बाजूला सारत असलेल्या पाण्याचे वजन मीटरला ८११ किलो होते. एवढा अवजड दिसणारा पोलादी पाइप मीटरला ४७८ किलोच्या जोराने वर उचलला जातो. विदर्भात काय आणि कोकणात काय, काळ्या मातीत किंवा भातखाचरात चर खोदून ठेवला आणि मृग बरसला की रिकामी वाहिनी आपली जागा सोडते, वेल्डिंगचे सांधे वाकतात आणि खालची रेती बाजूला सरते.

यावर उपाय मातीच्या भरावाचा. पाण्याखालच्या मातीचे परिणामी वजन घनमीटरला साधारण एक टन धरले, तर नुसता हा जोर तोलण्यासाठीच पाइपच्या माथ्यावर अर्ध्या मीटरच्या आसपास भराव हवा. सुरक्षिततेचा गुणक लावला की त्याहून जास्त. भराव सैल असेल, तर तो या हिशेबाइतका जड नसतो. म्हणून जलवाहिनीचे वजन काढताना मी पाइपच्या वजनाशेजारी तो सारत असलेल्या पाण्याचे वजनही लिहितो. काम पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर वाहिनी आत पाणी भरून ठेवायची, की तेवढ्या भागात आधी भराव करून घ्यायचा, हे ते दोन आकडे शेजारी पाहिल्यावर लगेच ठरते.

साइट अभियंता, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. चाकणच्या सरांनी सुचवल्याप्रमाणे तिन्ही आकार वेगवेगळे तोलून घेतले. १५० एनबीच्या १२० मीटरचे वजन २,४४० किलो, १०० एनबीच्या २४० मीटरचे ३,३७० किलो आणि ५० एनबीच्या १८० मीटरचे १,०७० किलो आले. म्हणजे मीटरला अनुक्रमे २०.३३, १४.०४ आणि ५.९४ किलो. १५० एनबीची जाडी बर काढून मोजली, ती बहुतेक नळ्यांत ५.१ ते ५.२ मिमीच्या दरम्यान आहे. कारखान्याच्या प्रमाणपत्रावर सी क्लास आणि ५.४ मिमी असे लिहिलेले आहे. यावरून कार्यालयाला काय कळवावे? आणि भारांचा प्रश्न अजून उरला आहे.

पाइपिंग अंदाजकार, पुणे

चाकणच्या सरांचा आक्षेप योग्य होता आणि त्यांच्या सूचनेमुळे आता चित्र स्वच्छ झाले आहे. १५० एनबी छापील वजनापेक्षा साडेचार टक्क्यांनी, १०० एनबी तीन टक्क्यांनी आणि ५० एनबी चार टक्क्यांनी हलका आहे. तिन्ही आकारांत तूट सारख्याच दिशेची आणि सारख्याच प्रमाणाची आहे. एक आकार मिसळलेला असता तर तो एकटाच अकरा टक्क्यांनी कमी दिसला असता आणि बाकीचे दोन पूर्ण वजनाचे असते. २०.३३ किलोंवरून उलट गणित केले तर जाडी ५.१५ मिमी येते आणि आपण मोजलेली जाडीही तीच आहे, म्हणजे काटा आणि मायक्रोमीटर एकमेकांना दुजोरा देतात. हा बी क्लासचा जाड निघालेला पाइप असू शकेल का, अशी शंका कोणी काढेल. तसे मानायचे तर मीटरवर विकणाऱ्या कारखान्याने प्रत्येक नळीत साडेसात टक्के पोलाद फुकट घातले असे म्हणावे लागेल, आणि प्रमाणपत्रही त्याच्या विरोधात जाते.

कार्यालयाला असे कळवावे, की माल मानकाच्या मर्यादेत आहे, दर मीटरवर ठरला होता आणि मीटर पूर्ण भरले आहेत, त्यामुळे कपातीला आधार नाही. यापुढे वजनावर हक्क सांगायचा असेल तर मागणीपत्रातच तशी अट घालावी: बाहेरचा व्यास, जाडी, मानकाचे नाव, छापील वजन आणि खेपेत किती टक्के उणे स्वीकारले जाईल, हे सर्व लिहून घ्यावे. काही मोठे ग्राहक छापील वजन आणि काट्यावरचे वजन यांत जे कमी असेल त्याचेच पैसे देतात. ती पद्धत रास्त आहे, परंतु ती दर मागवताना सांगितलेली असली पाहिजे. माल उतरवल्यानंतर ती लादणे योग्य नाही.

स्ट्रक्चरल डिझायनर, ठाणे

भारांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आधारांसाठी पाइपचे वजन नेहमी पाण्यासकट धरावे, आणि अशी अग्निशमन वाहिनी तर बहुधा कायमच भरलेली असते. आपल्या १५० एनबी सी क्लासचा आतला व्यास १५४.३ मिमी, म्हणजे मीटरला १८.७ किलो पाणी. पाइप २१.३ आणि पाणी १८.७ मिळून बरोबर ४० किलो. १०० एनबीला ८.४ किलो पाणी मिळून २२.९ किलो आणि ५० एनबीला जवळपास २.१ मिळून ८.३ किलो. मोठ्या व्यासात पाणी पाइपच्या बरोबरीला येते, लहान व्यासात ते एकूण वजनाच्या पाव हिश्श्याच्या जवळपास राहते. त्यामुळे पाण्यासाठीही सरसकट टक्केवारी लावू नये. गॅसच्या किंवा हवेच्या वाहिनीतही चाचणीच्या वेळी पाणी भरले जाणार असेल तर आधार त्या दिवसाच्या भारासाठीच ठरवावे लागतात.

३६ मीटरच्या रायझरचे एकूण वजन १,४४० किलो होते, त्यात पाइपचे ७६७ आणि पाण्याचे ६७३. हे दोन भार एकाच वाटेने खाली उतरत नाहीत. पाइपच्या भिंतीचे वजन मजल्यांवरील क्लॅम्पवर जाते, पण पाणी क्लॅम्पवर टेकलेले नसते, ते तळाच्या बेंडवर दाब देते. तिथे भक्कम पेडेस्टलवर (चौथऱ्यावर) बसवलेला डकफूट बेंड (खाली पाय असलेला बेंड) असेल तर पाण्याचा भार पेडेस्टलवर जातो. बेंड अधांतरी असेल तर तोच भार पाइपच्या भिंतीतून ओढ बनून वरच्या क्लॅम्पवर येतो, आणि क्लॅम्प फक्त पाइपच्या वजनासाठी निवडलेले असले तर ते हळूहळू घसरतात. म्हणून सल्लागारांना दोन्ही आकडे वेगवेगळे द्यावेत आणि तळाचा तपशील नकाशावर दाखवावा.

तळघरातील हेडर तीन-तीन मीटरवर टांगला असेल तर प्रत्येक हँगरवर १२० किलो येतात. हँगर आणि अँकर मात्र एवढ्यावर निवडू नयेत. अमेरिकेच्या एनएफपीए १३ (स्प्रिंकलर यंत्रणेचे मानक) मध्ये पाणी भरलेल्या पाइपच्या पाचपट वजन अधिक ११४ किलो, असा नियम आहे, त्याप्रमाणे ७१४ किलो होतात. एक अँकर सैल झाला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, हे लक्षात घेतले की हा नियम फार वाटत नाही. स्लॅब तपासताना मात्र प्रत्यक्ष भार धरावा, ७१४ नव्हे. गच्चीची रिंग १०० एनबीची असेल तर अडीच मीटरवरच्या प्रत्येक पेडेस्टलवर ५७ किलोच येतात, तिथे पाइपपेक्षा व्हॉल्व्हच्या जागा पाहाव्यात.

काट्यावर आलेले २०.३३ किलो बिलाच्या वादासाठी उपयोगी आहेत, भारासाठी ते वापरू नयेत. पुढची खेप कदाचित दुसऱ्या कारखान्याची असेल आणि ती अधिकच्या बाजूला असू शकेल. छापील २१.३ मध्ये दहा टक्के मिळवून २३.४ आणि पाण्याचे १८.७ धरून १५० एनबीसाठी मीटरला ४२ किलो द्यावेत. १०० एनबीसाठी याच रीतीने २४.४ आणि ५० एनबीसाठी ८.९ किलो येतात. फ्लँज आणि व्हॉल्व्ह त्यांच्या त्यांच्या जागी वेगळे दाखवून हा तक्ता सल्लागारांकडे पाठवावा.